ईईजीचे इलेक्ट्रोड दहा-वीस पद्धतीने लावताना: मोजमापाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या, आलेखात डाव्या बाजूच्या लहरी उजवीपेक्षा ठेंगण्या दिसल्या, तर त्याचे कारण मेंदूत असू शकते किंवा त्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांच्या अधिक जवळ लागले, एवढेच असू शकते. दोन इलेक्ट्रोडमधील अंतर कमी झाले की त्यांच्यातील विद्युतदाबाचा फरकही बहुधा घटतो, आणि अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांसमोर रुग्णाचे डोके नसते, फक्त आलेख असतो. म्हणूनच नजरेच्या अंदाजाने इलेक्ट्रोड लावण्याची सवय, ती कितीही सरावलेल्या हाताची असली तरी, धोक्याची आहे. प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञांच्या बहुतेक चुका पेस्ट लावताना होत नाहीत. त्या आधीच, टेप आणि पेन्सिल हातात असताना होतात. दहा-वीस पद्धतीत डोक्यावरच्या हाडी खुणांमधील अंतर मोजून मुख्यतः त्याच्या १० आणि २० टक्क्यांनी इलेक्ट्रोडच्या जागा ठरवतात, त्यामुळे या लेखात मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

नावांविषयी थोडक्यात

अक्षर मेंदूचा भाग सांगते: एफपी म्हणजे कपाळाचा अग्रभाग, एफ म्हणजे ललाटाचा, सी म्हणजे मध्य, टी म्हणजे कानशिलाचा, पी म्हणजे पार्श्व आणि ओ म्हणजे मागचा भाग; ए हे अक्षर कानाच्या पाळीसाठी आहे. विषम आकडे डाव्या बाजूला, सम आकडे उजव्या बाजूला आणि ‘झेड’ मध्यरेषेवर. डावी-उजवी ही रुग्णाची, आपली नव्हे. टी३, टी४, टी५ आणि टी६ यांना नव्या नामकरणात अनुक्रमे टी७, टी८, पी७ आणि पी८ म्हणतात. जागा त्याच आहेत. यंत्रावर एक नामकरण आणि नोंदपत्रकावर दुसरे असे होऊ देऊ नये. या लेखात जुनी नावे वापरली आहेत, कारण आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत अजून तीच बोलली जातात.

टप्पा १: रुग्णाची आणि साहित्याची तयारी

रुग्णाला तारीख देतानाच सांगावे की आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी शाम्पूने केस धुवावेत, कंडिशनर लावू नये आणि धुतल्यानंतर तेल अजिबात लावू नये. आपल्याकडे ही शेवटची सूचना दोनदा द्यावी लागते. ‘डोक्याची तपासणी आहे’ म्हटल्यावर घरातले कोणीतरी मायेने खोबरेल तेल चोपडून, वेणी घालून रुग्णाला पाठवते आणि तेलकट त्वचेवर पेस्ट धरतच नाही. तसे झाले असल्यास केस पुन्हा धुवून घेणे हाच उपाय आहे. स्पिरिटने वरवर पुसून भागत नाही. नेहमीची औषधे डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय बंद करू नयेत, हेही याच वेळी स्पष्ट करावे, कारण तपासणीसाठी फिटची गोळी परस्पर चुकवणारे रुग्ण आढळतात.

रुग्ण आल्यावर आंबाडा, वेणी, पिना, गंगावन आणि कानातले काढून घ्यावे. कुडी घट्ट बसलेली असून निघत नसेल, तर कानाच्या पाळीऐवजी दोन्ही बाजूंना कानामागच्या हाडावर इलेक्ट्रोड लावावा आणि तशी नोंद करावी. एका बाजूला पाळी आणि दुसऱ्या बाजूला हाड असे कधीही करू नये.

साहित्यात पुढील गोष्टी हाताशी असाव्यात: न ताणली जाणारी, मिलिमीटरच्या खुणा असलेली टेप, त्वचेवर उमटणारी ग्रीज पेन्सिल, शेपटीचा कंगवा, कापसाच्या काड्या, त्वचा घासण्याची जेल, वाहक पेस्ट, गॉजचे लहान चौकोनी तुकडे, कागदी चिकटपट्टी आणि एकाच धातूचे सर्व इलेक्ट्रोड. सोन्याचा मुलामा असलेले आणि चांदीचे इलेक्ट्रोड एकाच नोंदीत मिसळू नयेत, कारण निरनिराळ्या धातूंमुळे त्यांच्यात स्वतःचाच विद्युतदाब निर्माण होतो आणि आधाररेषा सरकत राहते.

सावधान: शिंप्याची जुनी कापडी टेप वापरू नये. ती ताणली जाते आणि ताणलेल्या टेपवरची टक्केवारी कितीही काळजीपूर्वक काढली तरी चुकीचीच येते.

टप्पा २: चार हाडी खुणा शोधणे

पुढील सर्व मोजमाप या चार खुणांवर उभे असल्याने इथे घाई करू नये. खुणा बोटाने चाचपून शोधाव्यात, डोळ्यांनी नव्हे.

पहिली खूण नेझिअन, म्हणजे नाकाचे हाड कपाळाला मिळते तिथला खोलगट बिंदू. बोट नाकाच्या दांड्यावरून वर नेले की ते जिथे आत बसते तीच जागा. इथली नेहमीची चूक अशी की शिकाऊ तंत्रज्ञ दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे थेट टिकलीच्या जागेवर, टेपचा शून्य ठेवतो. या चुकीची किंमत मोजून पाहता येते. नेझिअनपासून डोक्यामागच्या खुणेपर्यंतचे (इनिअन, पुढे पाहा) खरे अंतर ३६ सेंमी असलेल्या डोक्यावर शून्य १.५ सेंमी वर धरला, तर एकूण माप ३४.५ सेंमी भरते; मग एफपीझेडची खूण नेझिअनपासून ३.६ सेंमीऐवजी ४.९५ सेंमीवर पडते, म्हणजे जवळजवळ दीड सेंमी वर सरकते. सीझेड पाऊण सेंमी मागे जातो, ओझेड मात्र जेमतेम दीड मिमीने हलतो. थोडक्यात, चूक डोक्यावर सारखी वाटली जात नाही, ती पुढच्या भागात साचते.

दुसरी खूण इनिअन, म्हणजे कवटीच्या मागच्या बाजूला मध्यरेषेवर असलेला हाडाचा उंचवटा. पुष्कळ पुरुषांत तो सहज लागतो. स्त्रिया आणि मुले यांच्यात तो अनेकदा पुसट असतो. अशा वेळी बोट मानेच्या मध्यभागी ठेवून हळूहळू वर सरकवावे आणि रुग्णाला सांगावे, ‘आजी, जरा वर छताकडे बघा, आता खाली बघा.’ मानेचे स्नायू बोटाखाली हलतात, हाड हलत नाही. स्नायू संपून हाड लागते त्या जागेच्या लगत वर इनिअन असतो. तो २ सेंमी खाली धरला गेला, तर त्याच ३६ सेंमीच्या डोक्यावर ओझेड १.८ सेंमी खाली उतरतो आणि ओ१, ओ२ मानेच्या स्नायूंच्या जवळ जाऊन नोंदीत स्नायूंची खरखर भरते.

तिसरी आणि चौथी खूण म्हणजे दोन्ही कानांपुढचे प्रीऑरिक्युलर बिंदू. कानाच्या छिद्रापुढे जो कूर्चेचा छोटा पडदा असतो, त्याच्या किंचित वर आणि पुढे बोट ठेवून रुग्णाला तोंड उघडझाप करायला सांगावे. जबड्याची हालचाल जाणवते तिथे खोलगट जागा सापडते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, दोन्ही हातांच्या तर्जनीने चाचपावे आणि समोरून पाहून दोन्ही बोटे एका पातळीत आहेत का हे तपासावे.

तपासणी: चारही खुणांवर पेन्सिलने लहान फुली करून, टेप उचलण्यापूर्वी प्रत्येक फुली पुन्हा एकदा चाचपून पाहावी.

टप्पा ३: पुढून मागे मोजणे

टेपचा शून्य नेझिअनवर ठेवून ती मध्यरेषेवरून इनिअनपर्यंत न्यावी. केसांचा फुगा टेपखाली राहिल्यास माप वाढते, म्हणून मध्यरेषेवर कंगव्याच्या शेपटीने भांग पाडून टेप त्वचेला टेकवावी, पण आवळू नये.

एकूण अंतर ३६ सेंमी आहे असे धरू. त्याचे १० टक्के म्हणजे ३.६ आणि २० टक्के म्हणजे ७.२. नेझिअनपासून खुणा अशा येतील: एफपीझेड ३.६ सेंमीवर, एफझेड १०.८ वर, सीझेड १८ वर, पीझेड २५.२ वर आणि ओझेड ३२.४ वर, शेवटचे ३.६ सेंमी इनिअनपर्यंत उरतात. टेप एकदा ठेवली की न उचलता पाचही खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेपासून पुढची खूण नव्याने मोजली, तर प्रत्येक वेळचा एक-दोन मिलिमीटरचा फरक साठत जातो.

या खुणा आडव्या रेघांच्या असाव्यात. त्या डोक्याच्या पुढे-मागे कुठे आहेत एवढेच अजून ठरले आहे, डावीकडे की उजवीकडे हे नाही. दुसऱ्या दिशेच्या मापाने उभी रेघ मिळाली म्हणजेच फुली पूर्ण होते आणि फुली पूर्ण झाल्याशिवाय कोणताही इलेक्ट्रोड लावायचा नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मी गडबड टळते.

टप्पा ४: कानापासून कानापर्यंत मोजणे

टेप डाव्या प्रीऑरिक्युलर बिंदूवरून, सीझेडच्या आडव्या रेघेवरून, उजव्या बिंदूपर्यंत न्यावी. माप ३८ सेंमी आल्यास खुणा डावीकडून अशा पडतात: टी३ ३.८ सेंमीवर, सी३ ११.४ वर, सीझेड १९ वर, सी४ २६.६ वर आणि टी४ ३४.२ वर. १९ सेंमीवरची उभी रेघ आधीच्या आडव्या रेघेला जिथे छेदते तोच खरा सीझेड.

तपासणी: सीझेडपासून डाव्या आणि उजव्या बिंदूपर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजावे आणि मग रुग्णाच्या समोर उभे राहून नाक, एफझेड आणि सीझेड एका रेषेत दिसतात का ते पाहावे. दोन्ही बाजूंचे माप सारखे असूनही सीझेड एका बाजूला कललेला दिसत असेल, तर कानापुढची एखादी खूण चुकली आहे. समजा उजवा बिंदू १ सेंमी वर धरला गेला. तर एकूण माप ३७ भरते, सीझेड अर्धा सेंमी डावीकडे सरकतो, टी३ एखाद्या मिलिमीटरने हलतो, पण टी४ तब्बल ९ मिमी वर चढतो. कानशिलाच्या भागातून येणाऱ्या फिटच्या शोधात असलेल्या डॉक्टरांसाठी हा फरक क्षुल्लक नाही.

टप्पा ५: घेर मोजणे

आता टेप एफपीझेड, टी३, ओझेड, टी४ या चार खुणांवरून डोक्याभोवती फिरवून पुन्हा एफपीझेडपाशी आणावी. कानाच्या वरच्या बाजूला टेप घसरून खाली येते, म्हणून मदतनीस नसल्यास टी३ आणि टी४ वर कागदी पट्टीचा तुकडा लावून ती धरून ठेवावी.

घेर ५६ सेंमी असल्यास ५ टक्के म्हणजे २.८ आणि १० टक्के म्हणजे ५.६. एफपीझेडपासून डावीकडे जाताना एफपी१ २.८ सेंमीवर, एफ७ ८.४ वर, टी३ १४ वर, टी५ १९.६ वर, ओ१ २५.२ वर आणि ओझेड २८ वर येतो. तिथून पुढे उजव्या बाजूला ओ२ ३०.८ वर, टी६ ३६.४ वर, टी४ ४२ वर, एफ८ ४७.६ वर आणि एफपी२ ५३.२ वर, शेवटी २.८ सेंमी उरून टेप आपल्या जागी परत येते.

इथे सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे एफपीझेड ते एफपी१ हे अंतर १० टक्के धरणे. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ५ टक्केच असतात, पुढेही आणि मागेही. ती चूक झाली की एफ७ कानाकडे सरकतो आणि मागची गणिते ओढूनताणून जुळवावी लागतात.

तपासणी: घेराच्या मापातून आलेला टी३, म्हणजे १४ सेंमीची खूण, कानापासूनच्या मापातून आलेल्या टी३ शी जुळली पाहिजे. ती एक-दोन मिलिमीटरने हुकली तर मधली जागा घ्यावी. फरक अर्ध्या सेंमीच्या पुढे गेला, तर इलेक्ट्रोड ओढून बसवण्यापेक्षा टप्पा २ पासून पुन्हा मोजणे शहाणपणाचे. यात फार तर पाच-सात मिनिटे जातात.

टप्पा ६: एफ३, एफ४, पी३, पी४

हे चार बिंदू कोणत्याही एका मापातून थेट मिळत नाहीत आणि म्हणूनच ते सर्रास अंदाजाने ठोकले जातात. एफ३ साठी दोन मापे घ्यावीत: एफपी१ ते सी३ या अंतराचा मध्य, आणि एफ७ ते एफझेड या अंतराचा मध्य. पहिल्या मध्यावर आडवी रेघ, दुसऱ्यावर उभी रेघ आणि त्यांचा छेद म्हणजे एफ३. त्याच रीतीने पी३ हा सी३ ते ओ१ आणि टी५ ते पीझेड या दोन मध्यांचा छेद. उजवीकडे एफ४ आणि पी४ असेच काढावेत.

शेवटी एफझेड-एफ३ आणि एफझेड-एफ४, तसेच पीझेड-पी३ आणि पीझेड-पी४ ही अंतरे जोडीने मोजावीत. आरंभी सांगितलेल्या ठेंगण्या लहरींचा घोळ याच चार अंतरांत बहुधा सापडतो.

टप्पा ७: त्वचा घासणे आणि इलेक्ट्रोड लावणे

खूण करताना फुलीच्या रेघा प्रत्येकी दीड-दोन सेंमी लांब ठेवाव्यात. मधला भाग घासताना पुसला जातो, पण चारही टोके शिल्लक राहतात आणि त्यांवरून मध्य पुन्हा सापडतो. खूण पुसून गेल्यावर ‘इथेच कुठेतरी होती’ म्हणत लावलेला इलेक्ट्रोड आधीची सर्व मेहनत वाया घालवतो.

काडीच्या टोकाने केस दोन बाजूंना सारून त्वचेची रेघ उघडी करावी, कापसाच्या काडीवर थोडी जेल घेऊन चार-सहा वेळा घासावे आणि उरलेली जेल पुसून टाकावी. त्वचा किंचित गुलाबी होणे पुरेसे आहे. रक्त येणे ही तंत्रज्ञाची चूक असते. जखम, पुरळ किंवा टाके असतील तिथे घासू नये. अशा जागेमुळे एखादा इलेक्ट्रोड सरकवावा लागला, तर डोक्याच्या दुसऱ्या बाजूचा जोडीदारही तितकाच आणि आरशातल्यासारखा सरकवावा आणि किती सेंमी सरकवला ते नोंदपत्रकात लिहावे. डोक्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास हाड काढलेल्या जागेची आकृतीही काढावी, कारण हाड नसलेल्या भागावरच्या लहरी मुळातच उंच दिसतात.

पेस्ट इलेक्ट्रोडची वाटी भरून किंचित वर येईल एवढीच घ्यावी. इलेक्ट्रोड त्वचेवर दाबून बसवावा, केसांवर नव्हे, आणि वर गॉजचा तुकडा ठेवून दाबावा. पेस्ट पसरून शेजारच्या इलेक्ट्रोडच्या पेस्टला भिडली की दोन्ही जागा विद्युतदृष्ट्या एक होतात आणि त्यांच्या मधली वाहिनी (आलेखातील त्या जोडीची ओळ) जवळजवळ सपाट दिसते. मार्च-एप्रिलच्या घामात, पंखा बंद असलेल्या खोलीत हे विशेषतः घडते. तारा मागे घेऊन शेपटीसारख्या एकत्र बांधाव्यात.

सावधान: दीर्घ नोंदीसाठी कोलोडियन (इलेक्ट्रोड चिकटवण्याचा द्रव) वापरताना खोली हवेशीर असावी, रुग्णाचे डोळे झाकलेले असावेत आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी, कारण कोलोडियन आणि ते काढण्याचे ॲसिटोन हे दोन्ही पटकन पेट घेतात.

टप्पा ८: नोंद सुरू करण्यापूर्वीच्या चाचण्या

प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या जोडातील विद्युत अडथळा, मोजावा. बऱ्याच प्रयोगशाळांत ५ किलोओहमच्या आत ठेवण्याचा जुना दंडक पाळला जातो. अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा १० किलोओहम आहे. पण आकडा लहान असण्याइतकेच सगळे आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे. एक इलेक्ट्रोड १ वर आणि शेजारचा ९ वर असेल, तर ५० हर्ट्झचा विजेचा गुणगुणाट त्या वाहिनीत हमखास शिरतो, आणि तो नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारी सोय) लावून दडपणे म्हणजे बिघाड झाकणे होय. उलट एखादा आकडा शून्याजवळ आला तर आनंद मानू नये. तिथे पेस्टचा पूल झाला आहे का ते पाहावे.

यानंतर प्रत्येक इलेक्ट्रोडला बोटाने हलकेच टिचकी मारून पडद्यावर त्याच नावाची वाहिनी हलते का ते पाहावे. जागा अचूक असूनही तार चुकीच्या खोबणीत खोचली जाणे ही चूक मोजमापाने पकडता येत नाही, टिचकीने मात्र लगेच सापडते. मग रुग्णाला डोळे मिचकवायला सांगावे: एफपी१ आणि एफपी२ च्या वाहिन्यांत मोठी लहर दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी. डावीकडे पाहायला सांगितल्यावर एफ७ धन आणि एफ८ ऋण व्हायला हवा, कारण डोळ्याचा पुढचा भाग मागच्या भागापेक्षा धन असतो. उलटे दिसले तर तारा अदलाबदल झाल्या आहेत. शेवटी डोळे मिटवून पाहावे. जाग्या प्रौढात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय ओ१ आणि ओ२ वर सर्वांत ठळक असते आणि डोळे उघडताच दबते.

सावधान: अतिदक्षता विभागात रुग्णाला इतर यंत्रे जोडलेली असताना दुसरे भूसंपर्क (अर्थिंग) जोडण्यापूर्वी बायोमेडिकल अभियंत्याला विचारावे. रुग्णाच्या शरीराला दोन ठिकाणी भूसंपर्क मिळाल्यास त्यातून वीजप्रवाह वाहण्याचा धोका असतो.

तयार टोपी वापरणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रोड आधीच बसवलेली टोपी घातली की मोजमाप सुटते, हा समज खोटा आहे. घेर मोजून टोपीचा आकार निवडावा लागतो, आणि घातल्यावर टोपीचा सीझेड नेझिअन-इनिअन व कान-कान या दोन्ही मापांच्या मध्यावर बसला आहे का हे टेपनेच पाहावे लागते. लांबट डोक्यावर घेराने बरोबर ठरलेली टोपीही पुढे-मागे कमी पडू शकते.

टप्पा ९: नोंदपत्रक आणि आवराआवर

नेझिअन-इनिअन, कान-कान आणि घेर ही तीनही मापे, वापरलेले नामकरण, सरकवलेले इलेक्ट्रोड आणि सुरुवातीचे व शेवटचे इम्पीडन्स नोंदपत्रकात लिहावेत. तोच रुग्ण सहा महिन्यांनी परत आल्यावर मोठ्या माणसाच्या डोक्याची मापे बदललेली नसतात. ती जुळली नाहीत तर दोनपैकी एका वेळी खूण चुकली होती, हे तंत्रज्ञाला तिथल्या तिथे कळते.

पेस्ट कोमट पाण्याने भिजवून काढावी. वाळलेली पेस्ट ओढली तर केसही उपटले जातात. रुग्णाला टॉवेल द्यावा आणि घरी शाम्पू करायला सांगावे. इलेक्ट्रोड लगेच धुवावेत, कारण वाटीत वाळलेली पेस्ट पुढच्या रुग्णाचा इम्पीडन्स बिघडवते. त्यानंतर रुग्णालयाच्या नियमानुसार त्यांचे निर्जंतुकीकरण करावे, आणि तारा धातूच्या टोकाशी न वाकवता सरळ टांगून ठेवाव्यात.